पारोसं बाळ

नात जन्मून चार तास झाले होते. विहीणबाई दवाखान्याच्या खोलीत आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "अगंबाई, अजून पारोसंच ठेवलंय का बाळ?"

खरं सांगते, अगदी हेच मला केव्हापासून विचारायचं होतं. त्यांनी विचारलं म्हणून मी वाचले, नाहीतर सिस्टरचं बोलणं मीच खाल्लं असतं.

पहिलटकरणीची आई मी. लेकीला सातवा लागला तेव्हापासून पिशवी भरत होते. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, झबली, कुंची, घाण्यावरचं खोबरेल, वेखंड आणि दोनदा चाळलेलं डाळीचं पीठ. सिस्टरनं पिशवी उघडून बघितली, पिठाची पुडी बाजूला काढली आणि म्हणाली, "आजी, याची घरी जाऊन भजी करा. बाळाला २४ तास पाणी लावायचं नाही." वयानं माझ्या लेकीएवढी मुलगी. राग आला. चाळीस वर्षांत कमी बाळं न्हाऊ घातली नाहीत मी, भावाची, जावांची, शेजारपाजारची.

पण रात्रभर दुसरं काम काय? बाळाकडे बघत बसले. रक्तबिक्त सगळं पुसून घेतलेलं होतं. कानामागे, काखेत, मांडीच्या वळीत मात्र ताज्या लोण्यासारखा पांढरा थर तसाच ठेवलेला. आमच्याकडे याला 'चिकटा' म्हणायचे आणि पिठानं खसाखसा चोळून काढायचे. डॉक्टरांच्या भाषेत ते व्हर्निक्स. नऊ महिने पाण्यात राहिलेल्या कातडीवरचं ते अंगचंच मलम. कोरडं पडू देत नाही, जंतूंनाही काही प्रमाणात अडवतं. पुढच्या दिवस-दोन दिवसांत आपोआप जिरतं. सकाळी बघितलं तर बरंचसं जिरलंही होतं, आणि त्या जागची कातडी अशी मऊ, की माझ्या डाळीच्या पिठानं सात जन्मांत झाली नसती.

आणखी एक गोष्ट बघितली. बाळ आईच्या छातीवर उघडंच ठेवलं होतं, वरून पांघरूण. ते स्वतःची मूठ चाटत चाटत हळूहळू वर सरकत होतं. सिस्टर म्हणाली, पोटातल्या पाण्याचा वास हातावर असतो, त्या ओळखीच्या वासाचा माग धरत बाळ दुधापर्यंत पोचतं. म्हणून हातसुद्धा पुसायचे नाहीत. आम्ही आजवर सगळ्यात आधी हातच धूत आलो.

आता माझं सांगते. माझा थोरला १९९० सालचा, माझ्या माहेरी, घरातच झाला. पौषातली पहाट, जावळीकडची थंडी. नाळ कापल्या कापल्या सुईणीनं त्याला पायांवर घेतलं आणि वरून तांब्या. पाणी कोमट होतं, नाही असं नाही. पण न्हाणीला दार म्हणजे गोणपाटाचा पडदा. पोर आधी रडलं, मग रडायचं थांबलं आणि ओठ निळसर पडले. म्हातारीनं तळवे चोळले, शेगडीजवळ नेलं, माझ्या आईनं पदराखाली पोटाशी धरलं, तेव्हा कुठं तासाभरानं गडी पिवळा-गुलाबी झाला. "रडला की छाती मोकळी होते," एवढंच सगळे म्हणाले. आज तो सहा फुटी आहे आणि "आम्ही नाही का वाढलो?" म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे असतो.

माझ्या आईची मात्र माझ्या पाठची दोन गेली. एक तिसऱ्या दिवशी, एक पाचवीच्या आदल्या दिवशी. 'बाहेरचं झालं' असं घरात सांगायचे. कशानं गेली कोण जाणे, मी अंघोळीवर आळ घेत नाही. पण 'आम्ही नाही का वाढलो' हे वाक्य ऐकलं की मला ती दोघं आठवतात. जी वाढली नाहीत ती कुठं येणार आहेत सांगायला?

ओल्या अंगावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, हे माठाचं गणित आपल्याला शाळेपासून माहीत असतं. बाळ म्हणजे अडीच-तीन किलोचा जीव, त्या मानानं कातडी पसरलेली फार आणि कुडकुडून ऊब आणायची सोय नाही. त्याचं अंग ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मधे राहायला हवं. जन्मलेल्या दिवशी ते आधीच पोटातल्या उबेतून एकदम बाहेर आलेलं असतं, त्यात आपण तांब्या ओततो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २४ तास थांबा म्हणते, आणि रीतीपायी अगदीच थांबता येत नसेल तर निदान ६ तास तरी.

मग आपल्याला घाई का असते? मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला जे दिसलं ते लिहिते, कुणाला राग आला तर येवो. घाई स्वच्छतेची नाही, विटाळाची आहे. आमच्या घरी न्हाऊ घातल्याशिवाय बाळाला कुणी मांडीवर घ्यायचं नाही. सुईण न्हाऊ घालायची, मग आजी हात पुढे करायची. म्हणजे ती अंघोळ बाळासाठी नव्हतीच, उचलणारीसाठी होती. विहीणबाईंचा 'पारोसं' हा शब्द तिथलाच. पारोसा माणूस देवाला चालत नाही, चुलीला चालत नाही. पण नुकतं जन्मलेलं बाळ पारोसं कसं होईल? त्याची कालची अंघोळ चुकली होती का?

याचा अर्थ आजीचं सगळं चूक असा मुळीच नाही. हल्ली मोबाइलवर तीस सेकंदांत आजीच्या दहा चुका सांगणाऱ्या मुली दिसतात, त्यांच्यावरही मी तेवढीच वैतागते. बाळंतिणीची बंद खोली, शेगडी, डोक्यापासून पाठीपर्यंतची कुंची, बाळ कायम आईच्या कुशीत, हे सगळं ऊब राखण्यासाठीच होतं. बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं केवढं मोठं! तिथून ऊब जाते, म्हणून कुंची. आमच्या बायकांना कारण सांगता आलं नसेल, पण टाके बरोबर जागी घातले होते. चुकला तो फक्त अंघोळीचा मुहूर्त. (आणि ती धुरी. एवढ्याशा फुप्फुसात ओवा-शेपांचा धूर कशाला कोंडायचा ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.)

आणि शिकवलं की बायका बदलतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करा, श्वास मोजा, ऊब ठेवा, लगेच पाजा, औषधाची वेळ आली तर ओळखा. तिथं हजारी ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, ती तिसऱ्या वर्षी हजारी २५ च्या आसपास आली. १९९९ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित मासिकात ते छापून आलं. आज जी आशाताई आपल्या दारात येते, तिचं नवजात बाळाचं काम त्याच वाटेनं आलंय. आमच्याकडे ती तिसऱ्या दिवशी आली, सातव्या दिवशी आली, पुढे १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायांना, हे तिनं मला शिकवलं. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय, आईच्या छातीशी घ्या. दोन्ही गार, तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. माझी चाळीस वर्षं आणि हे दोन सेकंदांचं काम मला ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं ठरलं. नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, राख तर नाहीच. कोरडी ठेवायची, आठव्या दिवशी पडली. मधे मालिशवाल्या मावशी येऊन गेल्या. हात चांगला, बोलणंही गोड, पण बसल्या बसल्या त्यांनी बाळाची छाती पिळायला घेतली. 'मुलगी आहे, आतलं दूध काढलं पाहिजे.' मी हात धरला. आईच्या रक्तातून आलेल्या संप्रेरकांनी मुलगा असो वा मुलगी, बाळाची छाती थोडी फुगते, काही आठवड्यांत उतरते. पिळली तर पू होतो. यावर कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. मावशींना म्हटलं, तुम्ही लेकीचं अंग रगडा, बाळाचं माझ्याकडे. कानात-नाकात तेल नाही, डोळ्यांत काजळ नाही. तीट लावायची तर तळपायाला लावा, दृष्ट तिथूनही निघते.

दहाव्या दिवशी पहिली अंघोळ घातली. दुपारी साडेबारा वाजता, ऊन मोरीपर्यंत येतं तेव्हा. खिडकी बंद, पंखा बंद, टॉवेल आधीच उन्हात तापवलेला, झबलं उलगडून ठेवलेलं. पाटावर बसले, पाय लांब केले. गुडघे पूर्वीसारखे राहिले नाहीत, लेकीनं पाठीला उशी दिली. बादलीत कढत पाणी, त्यात विसण घालत घालत कोपर बुडवून बघितलं. कोपराला पाणी ना गरम ना गार, नुसतं 'आहे' असं वाटलं की झालं.

बाळाला दोन्ही पायांच्या खोबणीत ठेवलं, डोकं घोट्यांकडे. आधी अंग, डोकं शेवटी, कारण ओलं डोकं जास्त वेळ ठेवायचं नाही. पीठ नाही, साबण नावाला. मानेची वळी उघडली तर आत वाळलेलं दूध. काखा, जांघा. मूठ काही उघडेना. करंगळी आत सरकवून हळूच उघडली, तर आत दुपट्याचा लाल धागा निघाला आणि थोडा कापूस. दहा दिवस हा खजिना धरून बसली होती बया! तो काढला तेव्हा जी रडली, तेवढी पाण्याला रडली नव्हती.

तीन-चार मिनिटांत सगळं उरकलं. विहीणबाई खास या दिवसासाठी कोरेगावहून आल्या होत्या, टॉवेल पसरून मोरीच्या उंबऱ्यात उभ्या. मी बाळ दिलं आणि वळून तांब्या उपडा घालत होते.

"ताई, पाणी नंतर आवरा हो," त्या मागून ओरडल्या, "आधी ती कुंची द्या इकडं, डोकं गार पडतंय पोरीचं!"