व्याह्यांची बाटली

मुलीचं लग्न बोर्डोत झालं तेव्हा मला वाटलं, चला, मानापमानाच्या भानगडीतून सुटलो. फ्रेंच व्याह्यांना ना आहेर हवा ना पंगतीत पाट. पण मान तिथेही असतो. फक्त तो वाइनच्या बाटलीचा असतो, आणि आपण सगळे तिचे वऱ्हाडी.

ही बाटली जावयाच्या जन्मसालची, १९९०ची. बोर्डोजवळच्या मेदोक या वाइनच्या मुलखातल्या सां-ज्युलियाँ गावची. पोरगा बालवाडीत जायला लागला तेव्हा व्याह्यांनी घेतली आणि तळघरात बारा-तेरा अंशांत, अंधारात आडवी करून ठेवली. आडवी अशासाठी, की बूच ओलं राहावं; ते सुकलं की आत हवा शिरते. एवढी वर्षं निजलेली बाई आमच्यासाठी आदल्या संध्याकाळी उभी केली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. मी सहज लेबल वाचायला हात पुढे केला. जावई एरवी गरीब गाय. पण "बाबा, नको!" हे त्याने इतक्या स्वच्छ मराठीत म्हटलं, की हिच्या हातातली बशी हलली.

गाळ कसला, तर टॅनिनचा. सुपारी चघळल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते हेच. कोवळ्या वाइनमधलं टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतं आणि खाली बसतं, तेव्हा कुठे वाइन मऊ होते. हे व्याह्यांनी मला सूप गार होईपर्यंत समजावलं.

मग मेणबत्ती पेटली. आमच्या सौ.ने सवयीने हात जोडले. व्याही बाटलीच्या मानेखाली ज्योत धरून काचेच्या सुरईत धार सोडत होते. गाळाची पहिली रेघ दिसताच थांबले. दोन बोटं वाइन बाटलीतच ठेवून दिली! माझा जीव तुटला. आणि मग एकदम घाई. इतकी जुनी वाइन हवा लागली की लवकर उतरते म्हणे. म्हणजे तीस वर्षं दम धरायचा आणि शेवटच्या अर्ध्या तासात पळापळ!

ग्लास एक-तृतीयांशच भरला. वाइन सोळा-अठरा अंशांवर. खोलीचं तापमान म्हणतात ते हेच, पण ती खोली हीटर नसलेल्या काळातल्या फ्रान्सची, आमच्या नागपूरची नव्हे. ग्लास फिरवला, हुंगला, आणि सगळं टेबल माझ्याकडे बघू लागलं. "काय येतंय?"

मुलीने स्वयंपाकघरात मला धीर दिला होता. याच बोर्डोच्या विद्यापीठात वाइन शिकणाऱ्या ५४ जणांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ साली छापून आलाय. तेव्हा बाबा, बिनधास्त बोला.

मी म्हटलं, "कंपासपेटी."

मुलीने फ्रेंचमध्ये सांगितलं. शांतता. मग व्याह्यांचे डोळे भरून आले. शिसपेन्सिल आणि देवदाराचं लाकूड हीच म्हणे कॅबर्ने सोविन्याँ या काळ्या द्राक्षाच्या मेदोकमधल्या जुन्या वाइनची ओळख! झालं. मी जाणकार ठरलो आणि माझे हाल सुरू झाले. दुसरी बाटली आली, कोवळी. मी वास घेतला. ढोबळी मिरची, अगदी पीठ पेरायच्या आधीची. तसं सांगितलं. तेही बरोबर निघालं. मिरचीत असतं तेच द्रव्य या द्राक्षात असतं, आणि द्राक्षं नीट पिकली नाहीत की उघडं पडतं. म्हणजे हा दोष. ती बाटली व्याह्यांच्या मेव्हण्याने आणली होती. व्याह्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला. मेव्हणा इथून तिथून सारखाच.

"अहो, पण जेवायला कधी वाढणार?" ही कुजबुजली.

निघताना मला बक्षीस मिळालं: २०१९ची बाटली, २०४०च्या आत उघडायची नाही. मी मनातल्या मनात वयाची बेरीज केली आणि आभार मानले. नागपुरात तळघर कुठलं? मेमध्ये पंचेचाळीस अंश. शेवटी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी केली, तर ही म्हणते, मेथी कुठे ठेवू? आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर व्याही आधी बाटलीची तब्येत विचारतात, मग माझ्या गुडघ्याची.