दोन मिनिटं स्तब्धता

आमच्या सोसायटीच्या अप्पांची शोकसभा होती. ऑफिसातून धावत आलो, जिन्याखालीच गरम वडा दोन घासांत कोंबला, वर चहा ढोसला आणि हॉलमध्ये जाऊन गंभीर चेहरा केला. "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या," सेक्रेटरी म्हणाले. सगळे उठले, पंखेसुद्धा बंद केले.

हिक्!

उचकीत तसं काही विशेष नाही. श्वासपटल अचानक आकसतं, हवा झपकन आत ओढली जाते आणि त्याच क्षणी स्वरयंत्राची फट बंद होते. हिक् म्हणजे ते दार आपटल्याचा आवाज. आईच्या पोटातलं बाळही उचक्या देतं म्हणे, पण त्याला शोकसभेला जावं लागत नाही.

दोन मिनिटांत सात झाल्या. स्तब्धता संपली आणि उपाय सुरू झाले. सात घोट पाणी प्यालो, नाक दाबून उभा राहिलो, चमचाभर साखरही झाली. मग धक्का द्यायचा म्हणून खजिनदार कानाशी ओरडले, "तुमचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय!" उपयोग झाला नाही. ते मला माहीतच होतं.

"काका, तुमचं काहीच नाही," दुसऱ्या मजल्यावरचा चिन्मय मोबाईल काढून म्हणाला. "अमेरिकेत आयोवा राज्यात चार्ल्स ऑस्बोर्न नावाचे गृहस्थ होते. १९२२ मध्ये डुकराचं वजन करताना त्यांना उचकी लागली, ती १९९० मध्ये थांबली. ६८ वर्षं! सुरुवातीला मिनिटाला ४०."

"लग्न?" कोणीतरी काळजीने विचारलं.

"दोन. आणि आठ मुलं."

हॉलमध्ये आदराची शांतता पसरली. अप्पांसाठीही एवढी पसरली नव्हती. आपल्या पुण्याच्या श्रीधर चिल्लाळांनी डाव्या हाताची नखं १९५२ पासून वाढवली ती थेट २०१८ मध्ये कापली, नऊ मीटरच्या वर भरली होती. पण त्यात निदान माणसाची हौस होती. ऑस्बोर्नना कोणी विचारलंच नव्हतं.

"एक उपाय आहे, त्याला २००६ चं इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस, मिळालंय," चिन्मयने मोबाईल माझ्यापुढे धरला. वाचलं. त्या उपायात डॉक्टरांचं बोट होतं आणि जागा तोंडाच्या बरोबर विरुद्ध टोकाची होती. मी घाईघाईने सांगितलं, "आता... हिक्... बरंच बरं वाटतंय."

"अहो, कोणीतरी आठवण काढतंय," जोशीकाकू म्हणाल्या. "नावं घ्या एकेक. बरोबर नाव आलं की थांबेल."

बायको, आई, बॉस, गावाकडचे चुलते, सगळे घेऊन झाले. मग नजर हार घातलेल्या फोटोकडे गेली. अप्पा नेहमीसारखेच रोखून बघत होते. दिवाळीत त्यांच्याकडून उसने घेतले होते, ते राहूनच गेले.

हात जोडून पुटपुटलो, "अप्पा, आठशे रुपये उद्याच काकूंकडे देतो."

उचकी थांबली.

पहिल्या रांगेतून डोळे टिपत काकू म्हणाल्या, "बाराशे."

हिक्!