मन वळवण्याचा अभ्यास कशाला?

भाची राजकीय संवादात एमए करायचं म्हणते आहे आणि घरच्या ग्रुपवर एकच धोशा चालू आहे: वक्तृत्व मुळात अंगात असावं लागतं, त्याला विद्यापीठ कशाला? शिकून शेवटी पक्षांचे भाडोत्री प्रचारकच व्हायचं ना? अत्र्यांचा दाखला हटकून दिला जातो. अत्रे स्वतः लंडनला जाऊन शिक्षकाची पदविका घेऊन आले होते, हे कुणी काढत नाही.

मी इथे इंग्लंडमध्ये हाच विषय शिकवते, त्यामुळे हे फार झोंबतं. आमच्याकडे कुणी भाषणं घोकून घेत नाही. सेमिनारला मी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला एक प्रयोग घेते. २००६च्या प्रायमरीआधी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीआधी, संशोधकांनी काही घरांना पत्रं पाठवली. मागच्या निवडणुकांत तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांपैकी कुणी मतदान केलं, कुणी नाही, याची त्यात नावानिशी यादी होती; निवडणुकीनंतर सुधारित यादी पुन्हा पाठवू, असंही लिहिलेलं. ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं, त्यांच्यात मतदान २९.७ टक्के झालं. या पत्रवाल्यांत ३७.८. मग मी विचारते, तुम्ही असं पत्र पाठवाल का? तिथून खरा तास सुरू होतो. लोकांना चारचौघांत लाजवून मतदान वाढवावं का, यावर मुलं हमरीतुमरीवर येतात. भाडोत्री प्रचारक असे घडत नाहीत.

घरच्या ग्रुपवर मात्र निकाल मनासारखा लागला नाही की 'लोकांना भुलवलं' म्हणून सगळे मोकळे. अमेरिकेतल्या ४९ प्रयोगांचा आढावा २०१८ साली छापून आला. सार्वत्रिक निवडणुकीत थेट प्रचारामुळे उमेदवाराची निवड बदलण्याचं प्रमाण सरासरी शून्याच्या आसपास निघालं. आणि प्रचाराचा परिणाम आपल्यावर कमी, इतरांवर जास्त होतो असं माणसं धरून चालतात, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिसन यांनी १९८३मध्येच मांडलं होतं. ग्रुपवरच्या कुणालाही आपण भुललो असं कधी वाटलेलं नाही.

मी एवढी इरेला का पेटते, तेही सांगते. निवडणूक आली की इथले कार्यकर्ते यादी घेऊन माझं दार वाजवतात, कुणाला मत देणार विचारतात, नावापुढे खूण करतात. राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर मी इथे संसदेसाठी मत देते. भारतात मत द्यायचं तर मतदारसंघात प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. ते मला आजवर जमलेलं नाही. ज्या राजकारणावरून मी रात्र रात्र भांडते, तिथल्या एकाही पक्षाला माझं मन वळवायची गरज पडत नाही. हे मला लागतं.

भाचीला मी सांगितलंय, शीक आणि काम तिकडेच कर. मतदारयादीत तुझं नाव आहे आणि ज्यांना पटवायचं, ती माणसंही तिथेच आहेत.