जरा टीव्ही लावून दे

टीव्ही बघायला काहीच लागत नाही, लावायला मात्र घरात एक माणूस लागतो. तो पगारी नसतो आणि त्याला कुणी निवडूनही दिलेलं नसतं. कधीतरी एकदा त्याने सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही जोडणारी एचडीएमआयची वायर काढून परत खुपसली आणि चित्र आलं, एवढ्या पुण्याईवर तो जन्माचा अडकतो. मग तो जेवत असो, अंघोळीला असो की चाकणच्या कोंडीत गाडीत बसलेला असो, हाक ठरलेली : "अरे, जरा टीव्ही लावून दे." या जमातीतलाच मी एक. त्यामुळे इथे रडगाणं थोडं आणि उपाय जास्त आहेत. पुढच्या वेळी हाक मारण्याआधी यातल्या दोन गोष्टी कुणी स्वतः करून पाहिल्या, तरी एखाद्याची अंघोळ पूर्ण होईल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही चित्र दिसू लागलं, आणि गच्चीवरचा अँटेना सिंहगडाकडे वळवता आला की माणूस तज्ज्ञ ठरायचा. तेव्हाच्या सिग्नलमध्ये एक समजूतदारपणा होता. सिग्नल अर्धामुर्धा आला तर चित्रही अर्धंमुर्धं यायचं. मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या पलीकडे बातम्या देणाऱ्या बाई ओळखू यायच्या. डिजिटल सिग्नलला ही तडजोड मान्य नाही. बॉक्सला पुरेसे आकडे मिळाले तर चित्र स्वच्छ, जरा कमी पडले की नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन, आणखी जरा कमी पडले की काळोख. म्हणून हल्ली टीव्ही खराब दिसत नाही, तो थेट "जातो".

गेला की पहिला संशय टीव्हीवर घेतात. खरा आरोपी बहुतेक वेळा रिमोट असतो.

रिमोट चालेना की आपण तो तळहातावर आपटतो, नाहीतर मागचं झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवतो. याला अंधश्रद्धा म्हणू नये. सेलची टोकं आणि स्प्रिंग यांच्यावर गंजाचा अगदी पातळ थर बसतो, तो फिरवल्याने किंवा आपटल्याने खरवडला जातो आणि वीज पुन्हा वाहते. पण ही मलमपट्टी आहे, फार तर दोन-चार दिवसांची. सेल बदलायचे तर दोन्ही एकदम बदलावेत. "एक नवीन टाकून बघू" या काटकसरीत जुना सेल पार पिळून निघतो आणि गळतो. गळलेल्या सेलची पांढरी पूड अल्कलाइन सेलची असेल तर कान कोरायच्या कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन पुसावी. साध्या स्वस्त सेलची घाण आम्लाच्या जातीची असते, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. पुसून झाल्यावर पूर्ण वाळू द्यावं. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवला की काम झालं.

रिमोट जिवंत आहे की नाही, हे कळायला मोबाइल पुरतो. सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि एखादं बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा दिवा कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकतो. (मागचा कॅमेरा वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये तो हा प्रकाश गाळून टाकतो.) लुकलुकला तर रिमोट निर्दोष. मग बॉक्सच्या तोंडासमोर काय ठेवलंय ते बघा. आपल्याकडे बॉक्स म्हणजे कोनाडाच, त्याच्यापुढे एक गणपती, एक फुलदाणी आणि लग्नाच्या वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ असतंच. किरण गणपतीला पोचतात, बॉक्सला नाही.

बाकी सगळी बटणं चालतात आणि एकच चालत नाही, असं असेल तर दुखणं आत आहे. प्रत्येक बटणाखाली रबरावर कार्बनचा काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टीला टेकला की बटण लागतं. या ठिपक्यावर तेलाचा थर चढतो. तेल कुठून येतं हे ज्या घरात भजी खात मॅच बघतात त्यांना सांगायला नको. सेलच्या खणातला एखाददुसरा स्क्रू काढायचा, जुनं एटीएम कार्ड कडेने सरकवत झाकण उघडायचं, खालची पट्टी खोडरबराने हलक्या हाताने घासायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. ठिपके मात्र नुसते टिपून घ्यायचे, घासले तर कार्बनच निघून येतो. ठिपका झिजलाच असेल तर चॉकलेटच्या चांदीचा तेवढाच तुकडा कापून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने त्यावर बसवावा, बटण आणखी वर्षभर ओढतं. सगळ्यात आधी झिजतात ती आवाज वाढवायची आणि "ओके"ची बटणं. म्यूटचं बटण बहुतेक घरांत नव्यासारखं असतं, यावरून घराघरांतल्या संध्याकाळींची कल्पना यावी. रिमोटला प्लास्टिकचं कव्हर घालण्याच्या पद्धतीला लोक हसतात. मी हसत नाही.

यानंतरचा प्रकार "नो सिग्नल". हे दोन शब्द दोन वेगळे जण बोलतात आणि दोघांचं दुखणं वेगळं असतं. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर "नो सिग्नल" या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत असेल, तर तो टीव्ही बोलतोय : मला बॉक्सकडून काहीच येत नाही. याची कारणं तीनच. बॉक्स बंद आहे, एचडीएमआय सैल आहे, किंवा कुणीतरी "सोर्स", म्हणजे टीव्हीने चित्र कुठल्या भोकातून घ्यायचं ते, बदललाय. हा कुणीतरी म्हणजे पेन ड्राइव्ह लावून गेलेला भाचा. पण संदेश एका जागी उभा असेल, त्यात कसला तरी क्रमांक असेल, तर बोलतोय बॉक्स : मला आभाळातून काही येत नाही. याची एक साधी परीक्षा आहे. बॉक्सच्या रिमोटवरचं "मेनू" दाबा. मेनू उमटला, म्हणजे टीव्ही, वायर, बॉक्स सगळे ठणठणीत, आता गच्चीवर जा. हे ज्ञान फोनवरून द्यायचं म्हणजे मात्र परीक्षा आपली.

"मावशी, स्क्रीनवर काय लिहिलंय?"

"काहीतरी इंग्रजीत आहे रे. पळतंय."

"पळतंय ना? मग टीव्हीचा रिमोट घे."

"त्यातला टीव्हीचा कुठला?"

"तो काळा."

"दोन्ही काळे आहेत."

"ज्यावर कंपनीचं नाव आहे तो."

"नाव पुसलंय. तू रविवारी येणार होतास ना?"

यावर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे टीव्हीच्या रिमोटला पाठीमागे एक मोठी लाल टिकली चिकटवणे. "टिकलीवाला घे" हे वाक्य कुठल्याही वयाच्या माणसाला फोनवरून कळतं. बॉक्स कितव्या भोकात लावलाय तो आकडाही तिथेच लिहून ठेवावा. आणि "बंद करून चालू कर" म्हटल्यावर रिमोटने बंद करणं हे बंद करणं नव्हे, तेव्हा बॉक्स नुसता डोळे मिटतो. भिंतीवरचं बटण बंद करायचं, एक मिनिट थांबायचं, मग चालू करून दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. या तीन मिनिटांत धीर सुटून लोक पुन्हा बटण दाबतात आणि बॉक्स पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा करतो. रिचार्ज संपलाय का, हे यापूर्वीच बघितलेलं असावं. नसतं.

आता गच्ची. डीटीएचचे, म्हणजे थेट घरच्या डिशवर वाहिन्या पाठवणारे, उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान उभे आहेत. महाराष्ट्र त्यांच्या वायव्येला, म्हणून आपल्या बहुतेक डिशा आग्नेयेकडे बघतात. पुण्यातून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर आहे, म्हणजे चांगलाच डोक्यावर. पण घरगुती डिशची रचना तिरकी असल्याने ती जिथे बघतेय असं वाटतं त्यापेक्षा तिची नजर पंचवीसेक अंश वर असते. म्हणून "समोर तर काहीच आडवं नाही" हे वाक्य निरुपयोगी आहे. मान वर करून बघा, गुलमोहराची फांदी तिथे सापडेल. साठ सेंटीमीटरची डिश एक-दोन अंशांनी जरी ढळली तरी सिग्नलचे हाल होतात, आणि डिशच्या दांड्याला दोरी बांधून वाळत घातलेली ओली सोलापुरी चादर तेवढं काम आरामात करते.

पावसात टीव्ही का जातो? उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या, त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. टपोऱ्या थेंबांचा दाट पडदा त्यांना शोषतो आणि विखुरतो. भुरभुर पावसाने काही बिघडत नाही, वळवाचा काळा ढग मात्र मधे आला की खेळ खलास. लहर तिरकी येते, त्यामुळे आपल्याकडे कोरडं असलं तरी आग्नेयेला एक-दोन किलोमीटरवर कोसळत असेल तर टीव्ही आपला जातो. उपाय एकच, चहा करा. दहा-वीस मिनिटांत ढग सरकतो. विजा चमकत असताना गच्चीवर जाऊन डिश फडक्याने पुसणारे शूर लोक मला माहीत आहेत, त्यांनी तसं करू नये.

पाऊस थांबला तरी चित्र येत नाही, किंवा साध्या सरीनेही जातं, तेव्हा दोष ढगाचा नाही, वायरच्या टोकाचा आहे. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्याजवळ असेल तर डिश हललीय. दोन्ही शून्य असतील तर वायर, टोकाचा कनेक्टर किंवा डिशच्या तोंडाशी असलेला, सिग्नल पकडणारा डबा म्हणजे एलएनबी. निम्म्या वेळा कनेक्टरच निघतो. त्यात पाणी शिरतं, तांब्याची तार हिरवी पडते आणि ओल वायरच्या जाळीतून आत चढत जाते. बॉक्स याच वायरमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, तेव्हा आधी बॉक्सचा प्लग काढा. मग हिरवा भाग बेधडक कापून टाका, दोन-तीन इंच गेले तरी चालतील. नवीन टोक सोलताना मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. कमी आली तर टेकत नाही. आणि बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला शिवला तरी शॉर्ट. वरून टेप गुंडाळायची ती खालून वर, म्हणजे कौलांसारखी एकावर एक चढते आणि पाणी बाहेरून ओघळतं. कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली एक झोल सोडा, पाणी तिथूनच टपकून जातं. एवढं झोल सोडायचं काम बसवणारा माणूस कधीच करत नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तोच भेटीचे पैसे घेऊन येतो.

एक प्रकार मात्र दुरुस्तीच्या पलीकडचा. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दुपार व्हायच्या आधी, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. थोड्या मिनिटांत आपोआप ठीक होतं. तेवढ्यात कुणी डिश फिरवली नाही तर.

पैशांचं फार बोलत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून "हव्या त्या वाहिन्यांचे पैसे द्या" अशी पद्धत आली. तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांचं नुसतं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी आणि एक एचडी वाहिनी मोजायची दोन म्हणून. २०२४ मध्ये १३० ची ती कमाल मर्यादाही उठली. निवडीचं स्वातंत्र्य मिळाल्यावर लोकांनी आठवडाभर कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला आणि शेवटी पॅक घेतला.

स्मार्ट टीव्हीने तर डिश-वायर सगळं माफ केलं, असं म्हणतात. माफ केलं आणि पासवर्ड दिला. बाणाच्या बटणाने एकेक अक्षर गाठत बारा अक्षरांचा पासवर्ड भरणं म्हणजे वारीला गुडघ्यावर जाणं, म्हणून पडद्यावर क्यूआर कोडचा पर्याय असेल तर तोच घ्यावा. वाय-फाय सारखं तुटत असेल आणि मधे भिंती असतील, तर टीव्ही ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झवर जोडावा, वेग कमी पण पल्ला जास्त. आणि राउटर देवघरामागून बाहेर काढावा. ओटीपी मात्र सुटत नाही. खातं मुलाने काढून दिलेलं, मुलगा न्यू जर्सीत. इथे रात्री साडेआठला मालिका सुरू होते तेव्हा तिकडे सकाळच्या मीटिंगा चालू, आणि ओटीपी ज्या पुण्याच्या नंबरवर येतो तो रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला. लॉगिन नेहमी घरात राहणाऱ्या माणसाच्या नंबरवर करावं. ही अक्कल खातं काढताना येत नाही.

या सगळ्याची खरी कसोटी मतमोजणीच्या दिवशी लागते. त्या दिवशी टीव्ही गेला तर घर सोडून जावं. आठ वाजता टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांतली मतं त्यानंतर. तरीही आठ वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर चाळीस जागांचे कल झळकतात, आणि तीन वाहिन्यांवर तीन वेगळे. कुणी जागेवरच्या प्रतिनिधीच्या फोनवर आकडा टाकतं, कुणी निवडणूक आयोगाने फेरी नोंदवायची वाट बघतं, म्हणून बेरजा जुळत नाहीत. खरा आकडा हवा असेल तर आयोगाचं निकालांचं संकेतस्थळ फोनवर उघडावं, तिथे फेरीनिहाय मतं मिळतात, उशिरा पण अधिकृत. मी हे दर निवडणुकीला सांगतो. ऐकत कुणी नाही, कारण कुणालाच खरा आकडा नको असतो. आमचे काका विधानसभेच्या २८८ जागांची तीन वाहिन्यांवरची बेरीज बघतात, आपला पक्ष बहुमताच्या १४५ च्या सगळ्यात जवळ जिथे असेल ती वाहिनी लावतात आणि रिमोट मांडीखाली घालून बसतात.