“त्याचं तो बघेल” म्हणणाऱ्यांसाठी

सकाळपासून डोकं सटकलंय, म्हणून लिहितेय. एका जुन्या मित्राचा मेसेज आला, “भावाची दारू फार वाढलीये, तुला त्या मीटिंगांची माहिती असते ना, नंबर दे.” मी लगेच हेल्पलाइनचा नंबर, दोन मीटिंगांचे पत्ते, वेळा, सगळं पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर, “केलं फॉरवर्ड. आता त्याचं तो बघेल.”

त्याचं तो बघेल! अरे, त्याला स्वतःचं बघता येत असतं तर तुझ्यावर नंबर मागायची वेळ आली असती का?

दादाबद्दल इथे कधी लिहिलं नव्हतं. आज त्याला विचारून लिहितेय. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तो आपणहून म्हणाला, “मला घेऊन चल कुठेतरी.” आम्ही रडलो, भांडलो, शपथा घातल्या, तेव्हा हे वाक्य कधी आलं नव्हतं. मी नेटवर अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संस्थेची, मीटिंग शोधली. संध्याकाळी सातची. दिवसभर त्याने एक घोट घेतला नव्हता. जिना चढताना हात इतका थरथरत होता की त्याची अंगठी लोखंडी कठड्यावर टकटक वाजत होती. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर दाराला कुलूप. मीटिंगची जागा केव्हाच बदललेली, यादीत पत्ता मात्र जुनाच. दादा पायरीवर बसला आणि म्हणाला, “बघ, इथेही आपल्याला दार बंद.”

मी बरोबर नसते तर तिथून तो सरळ बारमध्ये गेला असता. हे मी नाही, तोच सांगतो.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या माणसाने माझी कहाणी ऐकायच्या आधीच “त्यांनाच द्या फोन” म्हटलं. दादा दोन मिनिटं नुसता “हो... हो...” करत राहिला. वीस मिनिटांत तोच माणूस जिन्याखाली हजर! दादाला म्हणाला, “मीपण मद्यपी आहे. चला, दुसरीकडची मीटिंग सुरू झालीये, उशीर झाला तरी चालतं.” दादाचे हात बघून मला बाजूला घेऊन बजावलं, की मीटिंगनंतर आजच डॉक्टरांकडे न्या. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. आम्हाला घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आम्ही आपले “सोड, आत्ताच्या आत्ता सोड” करत बसलो होतो.

या सगळ्याची सुरुवातही फोननेच झालीये. १९३५ साली अमेरिकेत, अ‍ॅक्रन गावात, बिल विल्सन नावाचा माणूस धंद्यातल्या अपयशाने खचून हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिने प्यायला नव्हता, आणि समोर बार. त्याने फोन करकरून आपल्यासारखाच दुसरा मद्यपी शोधला. सापडले डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. त्यांनी १० जून १९३५ ला शेवटचा प्याला घेतला, तो दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा स्थापना दिवस मानतात. म्हणजे मुळातच ही माणसाने माणसाला जाऊन भेटण्याची गोष्ट आहे. फॉरवर्ड करण्याची नाही!

जायला लागतं तरी काय? फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही, मागे बसून ऐकलं तरी चालतं. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीये त्यांच्यासाठी. पण कृपा करून निघण्यापूर्वी त्याच दिवशी फोन करून विचारा, मीटिंग आहे ना, जागा तीच आहे ना. माझ्यासारखं कुलपासमोर उभं राहू नका. आणि पहिला ग्रुप नाही रुचला तर दुसरा बघा. दादा तिसऱ्या ग्रुपमध्ये रमला.

हो, सगळेच टिकत नाहीत. दादाही दोनदा घसरला. काहींना तिथली ईश्वराची भाषा पचत नाही, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे वेगळ्या वाटेचे गटही आहेत. ठीक आहे, मान्य. पण दोन्ही वेळा घसरल्यावर दादा परत गेला तो त्या जिन्याखाली आलेल्या माणसाकडेच. तेच पुढे त्याचे स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारे जुने सदस्य, झाले. सांगितलं कुणी “पुन्हा प्यायलास?” असं खेकसून? नाही. बाजूची खुर्ची पुढे ओढली, बस्स.

हे टाइप करता करता राग थोडा उतरलाय. तो मित्रही थकलेला असेल. आम्हीही थकलो होतो. वहिनी तर महिनोन् महिने रात्री दाराशी कान लावून बसायची. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे, १९५१ पासून. मी आणि वहिनी जातो. हे आपण ओढवून आणलेलं नाही, आपण ते बरं करू शकत नाही, हे तिथे ऐकलं त्या रात्री वहिनी कित्येक दिवसांनी शांत झोपली. पण बरं करता येत नाही म्हणजे सोबतही जायचं नाही, असं तिथे कुणीच म्हणालं नाही.

दुपारी मीच फोन करून विचारलं. आजची मीटिंग आहे, जागा तीच आहे. दादाही येतोय. मित्राला लिहिलंय, “भावाला घेऊन ये, आम्ही साडेसहापासून खाली गेटपाशी उभे आहोत.” दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.