कामाला तोटा नाही म्हणता? मग पगाराचंही बोला

गेले दोन आठवडे आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. डोंबिवलीत फिरतोय म्हणजे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत सगळीकडे पोचला असणार. सुरुवात अशी : ‘मुंबईत कामाला तोटा नाही. मराठी पोरांना काम नकोय, नोकरी हवीय.’ शेवट नेहमीचा : ‘कटू आहे पण सत्य आहे, पटलं तर पुढे पाठवा.’ मधे पाच मुद्दे आहेत. डिलिव्हरी करणारा पोरगा महिन्याला आरामात चाळीस हजार कमावतो. बाहेरून आलेला घाम गाळतो, आपला पोरगा अंगमेहनतीला लाजतो. सणावाराला आपली पोरं दांड्या मारतात. गिरण्या संपानं बुडाल्या, म्हणजे आपणच बुडवल्या. आणि सरकारी आकड्याप्रमाणे बेरोजगारी जेमतेम तीन टक्के आहे, म्हणजे ज्याला काम हवं त्याला मिळतंच.

आमच्याकडे हा मेसेज टाकला तो खाली हार्डवेअरचं दुकान असलेल्या काकांनी. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका मॅनपॉवर कंत्राटदाराच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करते. कुणाला कुठे आणि किती पगारावर लावायचं, हाच माझा दिवसभराचा उद्योग. त्यामुळे अंगठा काही देववेना.

चाळीस हजारांपासूनच सुरू करते. माझा भाचा जेवण पोचवतो. वाण्याचा पोरगा असल्यासारखा डायरीत पैन्‌पैचा हिशेब लिहितो. मागच्या एका महिन्याचं पान त्यानं मला दाखवलं. अॅपकडून आले २७,४०० रुपये. पेट्रोलला गेले ६,२००, कारण मुंबईत पेट्रोल शंभरीच्या वर गेलंय आणि गाडी रोज नव्वद-शंभर किलोमीटर पळते. गाडीचा हप्ता ३,३००. सर्व्हिसिंग, पंक्चर, मोबाइलचा रिचार्ज मिळून १,५००. हातात राहिले १६,४००. त्यासाठी तो अठ्ठावीस दिवस, रोज अकरा तास रस्त्यावर होता. तासाला त्रेपन्न रुपये पडले. त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. पाय मोडला तर त्या दिवसापासून मिळकत बंद, हप्ता मात्र चालू. कंपनी त्याला कामगार म्हणतच नाही, ‘पार्टनर’ म्हणते. भागीदारीत त्याच्या वाट्याला फक्त पेट्रोल आलंय.

चाळीस हजार कुणालाच मिळत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पावसाळ्यात इन्सेन्टिव्ह चढा असताना, चौदा तास गाडी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तो आकडा दिसतोही. पण मेसेजवाल्यांनी त्या स्क्रीनचाच फोटो काढलाय, डायरीच्या पानाचा नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात असे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे पक्क्या नोकरीशिवाय कामापुरते पैसे मिळणारे, असल्याचा अंदाज होता, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. म्हणजे शहरातला नवा रोजगार बऱ्याच अंशी याच वाटेनं येतोय. त्याला कुणी काम म्हणावं, हरकत नाही. पण ते करून घर चालत नाही म्हणून कुणी दुसरं शोधत असेल, तर त्याला आळशी कसं म्हणायचं?

‘कष्टाला लाजतो’ हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त लागला. वाशीच्या मार्केटात पहाटे जाऊन बघा. कांदा-बटाट्याच्या गोणी, गुळाच्या ढेपा, मसाल्याची पोती पाठीवर घेणारे माथाडी कोण आहेत? टोळीतल्या माणसाला गाव विचारा : पाटण, जावळी, वाई, शिराळा, जुन्नर. बाजार मशीद बंदर, भायखळ्याहून नवी मुंबईला गेला, त्याच्याबरोबर हेही गेले. पन्नास-साठ किलोचं वजन दिवसभर वाहण्यापेक्षा मोठी अंगमेहनत मला तरी माहीत नाही. मग इथे मराठी माणूस का टिकला? कारण अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. माल उतरवून घेणारा व्यापारी मजुरी आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, माथाडी बोर्डाकडे भरतो, बोर्ड ती कामगाराला देतं. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मजुरीचा दर ठरलेला, हजेरी लिहिलेली. त्या बोर्डांचा कारभार आदर्श आहे असं मी म्हणणार नाही, माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही पुष्कळ निघालेत. पण गोणी तीच, पाठ तीच, आणि दाम ठरलेला असला की माणूस ती उचलतो, एवढं तिथे रोज दिसतं.

डबेवाल्यांचंही तेच. मावळ, मुळशी, खेडची माणसं, डोक्यावर डब्यांचा हारा, विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात चढायचं. लाज वाटली असती तर शंभर वर्षांहून जास्त चाललं असतं का ते?

याच्या उलट एक दृश्य आठवा. जुलै २०२४, कलिना. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसनं थेट मुलाखती ठेवल्या होत्या. काम म्हणाल तर हमालीचं. जागा दोनेक हजार, पगार वीस ते पंचवीस हजारांच्या घरात. तरुण आले वीस-पंचवीस हजार. चेंगराचेंगरी होईल या भीतीनं शेवटी अर्ज गोळा करून पोरांना परत पाठवलं. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात राज्यात पोलीस भरती चालू होती : १७ हजारांवर जागा, १७ लाखांवर अर्ज. (अर्ज म्हणजे तितकी माणसं नव्हेत. शिपाई, चालक, राखीव दल असे एकेकाचे दोन-तीन अर्ज असतात. तरी निम्मे धरा.) पावसात चिखल झालेल्या मैदानावर सोळाशे मीटर पळणाऱ्या पोरांना कष्ट नको होते, असं मेसेज लिहिणाऱ्याला खरंच वाटतं?

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते, कारण ती मेसेजमध्ये कधीच येत नाही. हॉटेलं, साइट, गोदामं यांच्याकडून आमच्याकडे मागणी येते, तिच्यात वय आणि शिक्षणाबरोबर एक अट असते. कागदावर नसते, फोनवर असते : ‘मॅडम, लोकल नको. राहणारा द्या.’ राहणारा म्हणजे हॉटेलच्या पोटमाळ्यावर किंवा साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत झोपणारा, बायको-मुलं गावाकडे असणारा. बांद्र्याचं हॉटेल रात्री एकला आवरतं. तोवर शेवटची कर्जत लोकल गेलेली असते. बदलापूरचा पोरगा पहाटेपर्यंत बसणार कुठे? आणि बदलापूरला तो हौसेनं गेलेला नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, आणि ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. लालबाग-परळची खोली विकून जे लांब गेले, त्यांची मुलं आता कामापासून दीड-दोन तासांवर आहेत.

पगाराचं गणितही तिथेच अडतं. पंधरा हजारांत माणूस एकटा, बारा जण मिळून एका खोलीत, खिचडीवर राहिला तर सात-आठ हजार घरी पाठवू शकतो. तेच पंधरा हजार डोंबिवलीत भाडं, पास, शाळेची फी भरायला बसले की विसाव्या तारखेला संपतात. मालकानं पगार ठरवतानाच घर नसलेला माणूस डोळ्यांसमोर धरलेला असतो. यात बाहेरून आलेल्याचा काय दोष? त्याला तिकडे पाच हजारही मिळत नव्हते म्हणून तो आलाय, आणि मुकादमानं त्याचा पहिला महिना कापून घेतलेला असतो. मेसेजमध्ये त्याचं कौतुक करणारे त्याला सुट्टी देतात का, हेही एकदा विचारायला हवं.

मुकादम म्हटलं की आठवलं, काम मिळतं ते ओळखीनं. पूर्वी रत्नागिरीचा पोरगा बोटीनं मुंबईला आला की गाववाल्याच्या खोलीवर उतरायचा, आणि तो गाववाला त्याला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवायचा. आज बांधकामावर मुकादम बंगालातल्या मालद्याचा असेल तर माणसं मालद्याचीच येतात. पी.ओ.पी., टाइल्स, सुतारकाम, प्रत्येकाची साखळी कुठल्या ना कुठल्या गावाशी बांधलेली आहे. आपली साखळी गिरणीपाशी तुटली. नवी जोडण्यात आपण मागे पडलो, हा आरोप मात्र मला मान्य आहे. प्लम्बिंग शिकायला आमच्याकडे मुलं येत नाहीत, आली तरी आईबाप तोंड वाकडं करतात.

सणांच्या दांड्यांचं दोन ओळींत संपवते. गणपतीला पोरं जातात, खरंय. चार दिवस, फार तर सात. छठ आणि होळीला साइट महिना-महिना ओस पडते, तेव्हा बिल्डर ताब्याची तारीख पुढे ढकलतो आणि कुणी त्यावर मेसेज लिहीत नाही.

गिरण्यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तसाच तो वर्षानुवर्षं सांगितला जातो. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. पण कामगार सामंतांकडे का गेले? कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं मालकांशी बोलण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि ती आपली बाजू मांडत नाही असं त्यांना वाटत होतं. कापड तोवर भिवंडीच्या यंत्रमागांवर स्वस्तात निघायला लागलं होतं, आणि अनेक मालकांनी जुन्या यंत्रांत पैसे घालायचं केव्हाच सोडलं होतं. संपानंतरही कितीतरी गिरण्या रखडत चालू होत्या. त्यांचा निकाल लागला तो जमिनीनं. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते : एक पालिकेचा, एक म्हाडाचा, एक मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलून वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती ठेवली. गिरणीत मोकळी जागा असते किती? सगळी जागा शेड आणि चिमणीखालची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला, आणि सुमारे सहाशे एकरांतलं शहराच्या वाट्याला अगदी थोडं आलं. संप १९८२ चा, नियम २००१ चा. मधली एकोणीस वर्षं मेसेजवाल्यांनी गिळून टाकली.

राहता राहिले तीन टक्के. हा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीतला, २०२३-२४ चा आहे : ३.२. तो देशाचा आहे, गावखेड्यासकट, मुंबईचा नाही. त्याच पाहणीत १५ ते २९ वयोगटाची बेरोजगारी १०.२ टक्के आहे, शहरी तरुणांची १४.७. हे त्याच अहवालात होतं, मेसेज लिहिणाऱ्यानं नेमका लहान आकडा उचलला. शिवाय बेरोजगार कुणाला म्हणायचं तेही बघा. वर्षभरात तीसेक दिवस काहीतरी काम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जाऊ शकतो. घरच्या दुकानात बिनपगारी बसलेला रोजगारात. तासाला त्रेपन्न रुपये मिळवणारा माझा भाचा तर डंके की चोट पे रोजगारात. आणि अभ्यासिकेत खुर्ची भाड्यानं घेऊन एम.पी.एस.सी.ची पुस्तकं वाचत बसलेला पोरगा ‘मी शिकतोय’ म्हणाला, तर तो बेरोजगारांत नाही आणि कामकऱ्यांतही नाही, मोजणीच्या बाहेरच. बायकांचं बघा. शहरांतल्या शंभर बायकांपैकी अठ्ठावीसच काम करतात किंवा शोधतात असं ही पाहणी म्हणते. उरलेल्या बहात्तर त्या तीन टक्क्यांत नाहीत. आमच्या इमारतीतल्या चार जणींना मी अर्धवेळ काम मिळेल का म्हणून विचारताना ऐकलंय. त्याही नाहीत.

‘नोकरी हवीय’ या टोमण्यात तथ्य किती? थोडं आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. दोनशे जणांत एकालाही धड मिळत नाही, आणि तरी पोरं वयाची तिशी गाठेपर्यंत फॉर्म भरत राहतात. मला याचं वाईट वाटतं, चीडही येते. तिसाव्या वर्षी माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या बायोडेटात सात वर्षांची पोकळी असते, आणि ग्राहक ती बघून फोन ठेवतो. पण तो सरकारी नोकरीच का धरून बसतो? कारण कायम नोकरी म्हणून त्याला दिसणारी तेवढीच उरली आहे. बेस्टचंच घ्या. लाल बसचा ड्रायव्हर म्हणजे एके काळी गावाकडे स्थळ चालून यायचं. आता अनेक बसगाड्या भाडेतत्त्वावर आहेत, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. बस तीच, मार्ग तोच, प्रवासी तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये हेच कंत्राटी ड्रायव्हर पगारवाढीसाठी संपावर गेले आणि शहराला तेव्हा कळलं की आपल्या बसमध्ये दोन प्रकारची माणसं बसवलेली आहेत.

हे सगळं एवढं लांब ग्रुपवर टाकता येत नाही, म्हणून काल दुकानात गेले तेव्हा काकांना तोंडीच थोडं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “अगं, पण बघ ना, दोन महिने झाले, पोरगा मिळत नाहीये.” काउंटरवर पुठ्ठ्याची पाटी आहे : ‘दुकानात कामासाठी मुलगा पाहिजे. सकाळी ९ ते रात्री ९.’

मी विचारलं, “काका, पगार किती लिहू? आमच्याकडे नोंदवते लगेच.”

“ते आत्ता नको लिहूस,” काका म्हणाले. “आधी मुलगा बघू, मग ठरवू.”