लंकेला बोटीने जायचं तर

मुंबईच्या माणसाला श्रीलंकेला बोटीने जाणं विमानापेक्षा स्वस्त पडतं का, यावर परवा डॉकयार्ड रोडच्या कट्ट्यावर जो वाद पेटला, तो चहावाल्याने भांडी घासून ठेवली तरी मिटला नाही. विषय काढला शैलेशने. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला बायको, मुलगी आणि आईवडील असं सगळ्यांना घेऊन लंका बघायची आहे. पाच तिकिटं म्हटल्यावर विमानाच्या भाड्याने त्याचे डोळे पांढरे झाले आणि कुणीतरी त्याला तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून लंकेला जाणाऱ्या बोटीबद्दल सांगितलं.

"मधे समुद्र आहे केवढा?" तो म्हणाला. "नागपट्टिनम ते कांकेसंतुरै, शंभर-सव्वाशे किलोमीटर. चार तासांत पलीकडे. इथून रत्नागिरी गाठायची तर याच्या दुपटीहून जास्त अंतर पडतं. मग बोट स्वस्त असायलाच हवी ना?"

"शंभर किलोमीटर नागपट्टिनमपासून," मंदार म्हणाला. "तू राहतोस माझगावला."

मंदार मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, सुट्टीवर आला की कट्ट्यावर असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत जो खर्च होतो तो भाडं म्हणून धर, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. मुंबईहून चेन्नई किंवा तिरुचिरापल्लीपर्यंत विमान नाहीतर रेल्वे, तिथून नागपट्टिनम, सकाळची बोट धरायची म्हणून आदल्या रात्रीचा लॉज, मग बोट. पलीकडे उतरल्यावर तू असतोस जाफनाच्याही वर, बेटाच्या उत्तर टोकाला. कोलंबो तिथून चारेकशे किलोमीटर. "आणि तुला बघायचंय काय? कँडी, नुवारा एलिया आणि दक्षिणेचे किनारे. म्हणजे बोट तुला नेमकी उलट्या टोकाला सोडणार. पाच माणसांची ही सगळी भाडी जोड आणि मुंबई-कोलंबो थेट विमानाशी ताडून बघ. अडीच तासांत पोचतोस."

शैलेशने मोबाइलवर बेरीज सुरू केली आणि पोटापाण्याच्या खर्चाला हात घालायच्या आधीच गप्प झाला.

इथे रॉबर्ट मधे पडला. तो वसईचा, गोदीत नोकरीला, आणि त्याच्या घरचे तमिळनाडूत वेलंकन्नीच्या चर्चला नेमाने जातात. वेलंकन्नी ते नागपट्टिनम म्हणजे दहा-बारा किलोमीटर, लोकल बसचं अंतर. "कुर्ल्याहून कारैकालला आठवड्यातून एकदा थेट गाडी जाते, नागपट्टिनम तिथून हाकेच्या अंतरावर," तो म्हणाला. "स्लीपरने गेलं तर फारसे पैसे पडत नाहीत. आम्ही तिथे जाणारच असतो. आमच्यासाठी पुढचा खर्च फक्त बोटीचा. मग जाफना बघायचं, नल्लूरचं देऊळ बघायचं आणि माघारी यायचं. विमानाने हेच करायचं तर चेन्नई गाठा, तिथून जाफनाचं विमान पकडा. आम्हाला बोटच परवडते."

मला रॉबर्टचं पटलं आणि मंदारचंही, कारण दोघं वेगवेगळ्या प्रवासाबद्दल बोलत होते. ज्याला उत्तर लंका बघायची आहे आणि जो तमिळनाडूत आहेच, त्याला बोट. ज्याला आठ दिवसांत कँडी-गॉल उरकायचंय, त्याला कोलंबोचं विमान. हातात वेळ असेल त्याने जाताना बोट आणि येताना विमान करावं. कांकेसंतुरैला रेल्वे स्टेशन आहे, गाडीत बसून बेट उभं कापत कोलंबोला उतरायचं. लंकेतली रेल्वे स्वस्त आहे, आणि यादवी युद्धात उखडलेली ही उत्तरेची लाइन पुन्हा घालून 2014 मध्ये गाडी जाफनाला आणि 2015 च्या सुरुवातीला कांकेसंतुरैपर्यंत पोचली. तेवढ्यासाठी तरी या गाडीत बसावं असं मला मनापासून वाटतं.

पण शैलेशचा मूळ प्रश्न त्याने सोडला नाही. "ते ठीक आहे. पण एवढ्याशा पाण्याला एवढे पैसे का?"

हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ही बोट सुरू झाली तेव्हा एका बाजूचं भाडं जीएसटी धरून 7,670 रुपये होतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी बोट आली, तेव्हा ते पाच हजारांच्या आसपास उतरलं. तरीही चार तासांच्या प्रवासाला ही रक्कम साध्या माणसाला जडच. मंदारने कारणं सांगितली. बोट लहान, दीडशेच्या आसपास माणसं. वेगाने जाणारी, म्हणजे डिझेल पिणारी. नागपट्टिनमचं बंदर उथळ, गाळ काढून बोट येण्याजोगं केलेलं. त्यात माणसांखेरीज काहीच चढत नाही. "हेलसिंकी-टॅलिन घे," तो म्हणाला. "ऐंशी किलोमीटर, दोन तास. तिथे भल्यामोठ्या बोटी दिवसभर ये-जा करतात आणि पोटात ट्रक आणि मोटारी भरून नेतात. पासपोर्टची रांग नाही. माणसांचं तिकीट स्वस्त ठेवता येतं ते त्या ट्रकांमुळे."

हे ऐकायला परदेशी वाटलं तरी आपल्या भाऊच्या धक्क्यावर तेच दिसतं. माणसांबरोबर गाड्याही नेणारी मांडव्याची रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन बघा. रॅम्पवरून गाड्या एकामागे एक आत घेतात, खलाशी हाताने खुणा करत एकेक गाडी आरशाला आरसा लागेल इतकी चिकटवून उभी करून घेतो, मधून माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो. वरच्या डेकवर कुटुंबं वडापाव खात बसलेली. खालच्या त्या गाड्यांच्या भाड्यावर बोट चालते. गेटवेच्या लाँची पावसाळ्यात बंद पडतात, रो-रो बरीचशी चालू राहते.

"मग मोठी बोट लावा लंकेला," शैलेश म्हणाला.

"लावली होती," सावंतकाका म्हणाले. इतका वेळ ते ऐकत होते. काका गोदीतून निवृत्त झाले, जहाजांच्या येण्याजाण्याचं त्यांना सगळं तोंडपाठ. "2011 मध्ये तुतिकोरिनहून कोलंबोला स्कॉशिया प्रिन्स नावाची बोट सुरू केली. हजारावर माणसं मावतील एवढी. जूनमध्ये निघाली, नोव्हेंबरमध्ये बंद. माणसं सवय लावून घेईपर्यंत बोटच राहिली नाही."

मग काकांनी जुनं सांगितलं, आणि या वादात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. 1914 मध्ये रामेश्वरम बेटाला जोडणारा पांबनचा पूल झाला तेव्हापासून मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, धनुष्कोडीच्या धक्क्यावर आगबोट, पलीकडे तलैमन्नारला उतरलं की पुन्हा रेल्वे, थेट कोलंबो. मद्रास ते कोलंबो एकच तिकीट. लोक त्या गाडीला बोट मेल म्हणत. त्या तिकिटावर चहामळ्यातले मजूर गेले, व्यापारी गेले, यात्रेकरू आले. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात धनुष्कोडी वाहून गेली, पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट समुद्राने गिळली. त्यानंतरही रामेश्वरम-तलैमन्नार बोट चालत राहिली, ती थांबली ऐंशीच्या दशकात, लंकेतलं युद्ध पेटल्यावर. "तेव्हा कोण विचारत होतं परवडतं का म्हणून? गाडी आली की बोट उभी असायची," काका म्हणाले.

माझं मत तिथेच पक्कं झालं. भाडं नुसतं उतरवून ही बोट स्वस्त होणार नाही. ती रोज, ठरल्या वेळेला, वर्षानुवर्षं सुटली पाहिजे आणि अलीकडच्या-पलीकडच्या रेल्वेशी बांधलेली पाहिजे. आज काय होतं? 2023 मध्ये सुरू झाल्यावर आठवड्याभरातच बंद, कारण तिकडचा पावसाळा ईशान्येकडून येतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. 2024 च्या शेवटीही तेच, मग फेब्रुवारी 2025 मध्ये परत सुरू. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लागते, आकाश निरभ्र असतं आणि माणूस तिकडची बोट शोधायला लागतो, तेव्हा नेमका तिकडचा समुद्र खवळलेला असतो. मुंबईच्या माणसाने हे आधी ध्यानात घ्यावं. उरलेल्या महिन्यांतही हवा बिघडली की फेरी रद्द. म्हणून त्याच दिवशीचं पुढचं तिकीट काढू नये, एक रात्र हातात ठेवावी. लंकेची ऑनलाइन प्रवास परवानगी, ईटीए, बोटीने जातानाही आधी काढून ठेवावी, आणि ती सरकारी संकेतस्थळावरूनच. दलालांची संकेतस्थळं अगदी तशीच दिसतात आणि वरचे पैसे घेतात.

"सरकारने तोटा सोसावा," काका म्हणाले. "2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, गाड्या भरल्या की नाही?"

"एसटी रोज सुटते, काका," मंदार म्हणाला. "तीन महिने बंद राहणाऱ्या बोटीवर किती ओतणार?"

"लाँचीही बंद असतात पावसाळ्यात. म्हणून मांडव्याला जायचं कोणी सोडलं? कोकणबोटीही नारळी पौर्णिमेनंतरच सुटायच्या. लोकांना माहीत असायचं पुन्हा कधी सुटणार ते. ते तेवढं सांगा लोकांना, मग माणसं थांबतात."

मंदारला हे पटलं नाही. मोटारी आणि माल चढल्याशिवाय सरकारी पैसा कितीही ओतला तरी पुरणार नाही, असं तो म्हणत राहिला. काकांचं म्हणणं, आधी पाच वर्षं न चुकता चालवून दाखवा, माल आपोआप येईल. मी काकांच्या बाजूने आहे. शैलेशने तोवर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची कोलंबोची पाच तिकिटं मधल्या वारांची बघून ठेवली, शनिवार-रविवारपेक्षा बरीच उतरली होती. रॉबर्ट मार्चमध्ये बोटीने जाणार आहे, आणि काकांनी त्याला जाफना-कोलंबो गाडीचं तिकीट किती पडतं ते लिहून आणायला सांगितलंय.